दोन कॅन समुद्र

“कळंब्याच्या तळ्यातलं पाणी भरायचं, त्यात मूठभर मीठ टाकायचं आणि मालवणचा समुद्र म्हणून माझ्या दारात आणून ठेवायचा! लाज वाटत न्हाय रे तुला?”

इंगवले मास्तरांचा आवाज गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. समोर ट्रक ड्रायव्हर दिलदार दोन्ही हातांत पाण्याचे कॅन धरून उभा. मास्तरांच्या मागं दहावीतली वीस-बावीस पोरंपोरी दाटीवाटीनं उभी. रविवार असून त्यांना खास बोलावलं होतं, समुद्र बघायला. आणि बघायला काय मिळालं? काचेच्या टाकीत मेलेलं पोवळं, चुन्यासारखं पांढरंफटक.

ती टाकी म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. लोखंडी अँगल, काचा, पुट्टी, सगळं स्वतःच्या हातानं केलेलं. आत मालवणहून आणलेला खडक, त्यावर बोटभर पोवळं, एक जांभळं समुद्रफूल आणि दोन पट्टेरी मासे. अठ्ठ्याहत्तर साली कोल्हापुरात असलं कुणी पाहिलं होतं? लोक म्हणायचे, पंचगंगेच्या गावात मास्तरानं समुद्र आणला! मास्तर वरवर नको नको म्हणत आणि आतून फुगत.

दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून ताजं घालावं लागे. ते दिलदार आणायचा. गूळ घेऊन तो मालवणला जाई आणि येताना गगनबावड्याचा घाट चढून दोन कॅन मास्तरांच्या दारात उतरवी. काठाचं पाणी गढूळ असतं, असं मास्तर एकदा म्हणाले, तर हा गडी होडीत बसून आत जाऊन भरायला लागला. पैशाचं नाव काढलं की कानावर हात.

तीन महिने सगळं झकास चाललं होतं. मग पंधरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. आधी समुद्रफूल मिटलं, मग पोवळ्याचा रंग उडाला, आणि आज सकाळी मासे उताणे.

दिलदारनं टाकीकडं बघितलं. खिडकीखाली बघितलं. मग पोरांकडं बघितलं. कॅन कट्ट्यावर ठेवले आणि मान खाली घालून निघून गेला.

“बघितलंसा? चोराला तोंड असतंय व्हय?” मास्तर पोरांना म्हणाले. गल्लीनंही माना डोलावल्या. दोन दिवसांत ट्रकअड्ड्यावर दिलदारचं नाव ‘मीठवाला’ पडलं. एका व्यापाऱ्यानं तर त्याच्या गाडीतला गूळ उतरवून दुसऱ्याच्या गाडीत चढवला.

गुरुवारी बाळाबाई, मास्तरांच्या घरधनीण, तांब्याचा हंडा घासायला मोरीत बसल्या. हंडा मास्तरांनीच तीन आठवड्यांपूर्वी मागून नेला होता. समुद्राचं पाणी निवळत ठेवायची काचेची बरणी फुटली होती, आणि तांब्यातलं पाणी शुद्ध राहतं हे काय कुणी सांगायला पाहिजे?

“अगं बया! अवो, ह्ये काय करून ठेवलंय?” बाळाबाई ओरडल्या. हंडा आतून हिरवागार झाला होता. “खारं पानी ठेवलासा यात? तांब्यात ताक ठेवलं तरी कळकतंय. शेंबड्या पोराला बी ठावं हाय की!”

मास्तर मोरीच्या दारात उभेच राहिले. अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवणारा माणूस! विहिरीतलं शेवाळ मरायला मोरचूद टाकतात, मोरचूद म्हणजे तांब्याचं विष, असं दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगणारा माणूस! तेच विष त्यांनी स्वतःच्या हातानं टाकीत ओतलं होतं. दिलदारचा समुद्र खरा होता. मास्तरांना स्वतःचीच किळस आली.

रविवारी भर दुपारी, लोक जेवून आडवे झाल्यावर, ते दिलदारच्या घरी गेले. कुणी बघू नये म्हणूनच ती वेळ निवडली होती. दारात दिलदारची आई इमामबी बसली होती. शेजारी भाता, नवसागराची पुडी आणि पालथी घातलेली चकचकीत पातेली. हे कल्हईवाल्यांचं घर, हे मास्तरांना आजवर ठाऊकच नव्हतं. या दारात ते कधी आलेच नव्हते.

“या मास्तर, बसा,” दिलदार बाहेर येत म्हणाला.

मास्तर बसले नाहीत. “दिलदार, पाणी चांगलं हुतं रे. चूक माझी. त्यो हंडा...”

“ठावं हाय मला. त्याच दिवशी बघितला की मी, खिडकीखाली. कल्हई न्हवती त्याला.”

“मग बोलला का न्हाईस? अरे, चोर म्हटलं मी तुला! भर गल्लीत!”

दिलदारनं आईच्या पुढ्यातलं एक पातेलं उचललं आणि फडक्यानं पुसायला लागला. मास्तरांच्या तोंडाकडं त्यानं बघितलं नाही.

“तुमची पोरं उभी हुती की, मास्तर.”