देणार आणि घेणार

“‘आजपासून ह्या मुलीवर माझा कसलाच हक्क राहणार नाही,’” पुनाराम अर्जीनवीसाने वाचलं आणि चष्म्यावरून दीपिकाकडे पाहिलं. “समजलं ना, बाई? कचेरीची हिंदी अवघड, म्हणून मराठीत करून सांगून राह्यलो. मंग म्हणसान, सांगतलं नाही.”

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली त्याचं टेबल होतं. बाकाच्या एका कडेला दीपिका, दुसऱ्या कडेला तिची वहिनी ललिता आणि मधे आठ वर्षांची खुशी, पुनारामचा शिक्का आपल्या तळहातावर उमटवत बसलेली. दीपिकाचा भाऊ वसंता आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायला गेला होता.

“‘देणार, दीपिका, स्वर्गीय अंकितची पत्नी. घेणार, वसंता आणि त्याची पत्नी ललिता,’” पुनारामने पुढे वाचलं. “नावं बरोबर?”

“बरोबर. पण काका, हे कागदापुरतंच आहे.”

“कागदापुरतं काय असते, बाई? इकलेली जमीन परत घेता येते. दत्तक दिलेलं लेकरू परत होत नाही. कायद्यातच नाही ते.”

दीपिका ऑस्ट्रेलियात, पर्थला नर्स होती. कायमचं राहण्यासाठी अर्ज केला, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी खुशीच्या रक्तातल्या सिकलसेलचा पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च मांडला, आणि तेवढ्यावरून मायलेकी दोघींनाही नकार आला. ऑगस्टात व्हिसा संपत होता. परत यावं, तर इथल्या नर्सच्या पगारात नागपूरला जाऊन दर महिन्याला रक्त बदलणं व्हायचं नव्हतं. ते तिकडच्याच पगारात होणार होतं. आणि तिकडे राहायचं, तर खुशी तिची लेक असून चालणार नव्हतं. मुलगी दुसऱ्याची झाली की अर्जातून निघून जाते, असं एजंटने फोनवर सांगितलं होतं. पटकन सांगितलं होतं, पत्ता सांगावा तसं.

“दोन-तीन वर्षांचीच गोष्ट आहे, वहिनी,” ती म्हणाली. “माझं तिकडे पक्कं झालं का मी हिले घेऊन जातो.”

ललिताच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. एकीच्या कुशीत जागा होती, लेकरू नव्हतं. एकीला लेकरू होतं, जागा नव्हती.

“मी काय लॉकर आहो, दीपिका?” ललिता म्हणाली. “ठेवाले येजो, काढाले येजो. मी घेतो तिले. पण घेतली म्हणजे घेतली. तीन वर्षं तिचे पाय चेपीन, तिच्या दुखण्यात जागीन, अन् मंग तू येशीन अन् म्हणशीन, दे. ते मले जमणार नाही. आताच सांगून ठेवतो.”

आवाजात राग नव्हता. राग असता, तर दीपिकाला भांडता आलं असतं.

“मंग मी काय करू, वहिनी?”

“मले नोको विचारू. मी तर हौच म्हणीन. बारा वर्षांपासून हौ म्हणाले बसली आहो.”

खुशीने शाई लागलेला तळहात मामीपुढे धरला. पुनारामने वाकून शिक्का वाचला. “सत्यप्रतिलिपि. झाली बेटा, तू बी सर्टिफाइड.” खुशी हसली. तिच्याबरोबर ललिताही हसली, आणि हसता हसता तिने पदराने तो हात पुसायला घेतला.

“सही करा, बाई,” पुनाराम म्हणाला. “पाचाले साहेब उठतीन. उद्या छुट्टी आहे.”

परवाचं विमान होतं. दीपिकाने पेन घेतलं, टोपण काढलं.

“थांब,” ललिता म्हणाली. “तिचं दुखणं येते तवा काय करा लागते, ते तरी सांग. मले काहीच मालूम नाही.”

“पाणी पाजायचं. खूप. अन्...”

“तसं नोको सांगू. मी इसरीन. लिहून दे.”

दीपिकाने समोरचा कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहायला लागली. थंड पाण्याने अंघोळ नाही. आधी डावी पोटरी दुखते. दुखतं म्हणून सांगत नाही, गप्प होते. गप्प झाली की समजायचं. ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. सुई टोचतात तेव्हा आपण आपले डोळे झाकायचे, तिला हसू येतं.

“बाई,” पुनाराम अर्धा उठला. “ओ बाई. तो अस्सल दस्त आहे, रफ कागद नाही. स्टॅम्प पेपर खराब होऊन राह्यला.”

“लिहू द्या तिले, काका,” ललिता म्हणाली.

वसंता झेरॉक्स घेऊन आला आणि टेबलापाशी उभाच राहिला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. आतून शिपायाने पुनारामचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. मागची बाजू भरली. दीपिकाने कागद पालटला आणि छापील ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत, बारीक अक्षरात, पुढचं लिहिलं: झोप लागेपर्यंत हात सोडायचा नाही.