कानाशी धरलेला बाण

कोरियातल्या चोनजूच्या तिरंदाजीच्या मैदानावर हारिमचे चार बाण निशाणाला लागले होते. पाचवाही लागला की सगळे तिला मानाने ‘जॉपजांग’ म्हणणार होते. तिने कमरेला खोचलेला शेवटचा कार्बनचा बाण, आत तडा नाही ना हे ऐकायला, वाकवून कानाशी धरला. आत काहीतरी कडकडलं. वरून ओरखडाही नव्हता. “कार्बन कुठे तुटतो गं? तुटायचे ते बांबूचे. मार की!” मैदानावरचे जुने तिरंदाज नोह आजोबा खेकसले. “घाबरली वाटतं!” कुणीतरी हसलं. कमरेच्या पाचांखेरीज सहावा बाण चालत नसे. हारिमने हातातला बाण सरळ बुटाखाली मोडला. काळ्या, सुईसारख्या कुसळांचा झुपका बाहेर आला. “बाण सोडताना हा माझ्या तळहातात घुसला असता, आजोबा! चार तर चार. पाच उद्या मारीन, दोन्ही हातांनी!” हसू विरलं. नोह आजोबांनी स्वतःचा बाण पुढे केला. “माझे कान गेलेत, जॉपजांग. जरा ऐक.” “जॉपजांग उद्या म्हणा! आधी बाण द्या.”