दुपारचा अर्धा तास

“मोठ्या आवाजाशी कधी संबंध आला होता? कारखाना, बँड, असं काही?” कान तपासणाऱ्या बाईंनी फॉर्मवर पेन टेकवून खणखणीत विचारलं.

“तोफ,” म्हातारा म्हणाला. “अकरा महिने. नदीकाठच्या त्या गावावर डोंगर आहे ना, तिथं होतो. खाली शाळेचा घड्याळाचा मनोरा दिसायचा.”

पेन थांबलं. त्या शाळेत बाई तेव्हा तिसरीत होत्या. त्यांनी रकान्यात ‘तोफ’ असं लिहिलं आणि अक्षर नीट आलंय का ते उगाच पाहिलं.

ऐकण्याचं मशीन त्याच्या कानामागे बसवताना हात रोजच्यासारखेच चालले. कानाची उबदार पाळी, पांढरे केस, साबणाचा वास. डोंगरावरच्या माणसाचा कान कसा असेल असं लहानपणी कुणी विचारलं असतं, तर त्यांनी काहीतरी भलतंच सांगितलं असतं.

“सूनबाई म्हणते, आमच्या टीव्हीवर अख्खी गल्ली बातम्या ऐकते,” म्हातारा हसला. “आता काहीतरी बोला बाई. बघू, येतंय का ऐकू.”

आवाज जुळवताना बाई एरवी हवापाण्याचं विचारत. आज त्यांनी खुर्ची पुढे ओढली. चाळीस वर्षं एक प्रश्न मनात घर करून होता, आणि तो ज्याला विचारावा असा माणूस आज समोर बसला होता.

“रोज दुपारी अर्धा तास तोफा का थांबायच्या?”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही खाली होतात?”

“होते. आई म्हणायची, त्यांना दया येते. गुरुजी म्हणायचे, नळ्या तापतात. शेजारच्या काकू म्हणायच्या, गिळत असतील मेले.”

त्याला हसू फुटलं, आणि मग आपण हसलो म्हणून तोच ओशाळला.

“साहेबांना डुलकी लागायची, बाई. हुकूम द्यायला कुणी नाही. मग आम्ही पाचजण बूट काढून हिंडायचो. भांड्याला भांडं लागू द्यायचो नाही. एकजण तर बसून साहेबांच्या तोंडावरच्या माश्या वारायचा. झोप लांबेल तेवढी बरी. खाली माणसं बादल्या घेऊन पाण्याच्या पंपाकडे पळताना दिसायची ना.”

बाईंना ते दिसलं. तोफेभोवती चवड्यांवर चालणारी पाच माणसं, बोट ओठांवर. एवढ्या वर्षांत हे काही त्यांना सुचलं नव्हतं.

“एकदा लवकर सुरू झाल्या,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटांत.”

मशीनच्या रिकाम्या डबीचं झाकण म्हाताऱ्यानं लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“डोंगर पिवळ्या फुलांनी भरला होता,” तो म्हणाला. “नुसता भरला होता. वारा सुटला की नाकातोंडात पिवळं. मी दोन्ही हात तोंडावर दाबले होते हो. पण शिंक आलीच.”

त्या जाड भिंतींच्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं.

“तेव्हापासून कुणाला तरी विचारीन म्हणतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पंपावर होतं का कुणी, त्या दिवशी?”

नाही म्हणता आलं असतं. बाईंचे ओठ तसे उघडलेही.

“माझा दादा,” त्या आवाज न चढवता म्हणाल्या. “दोन बादल्या घेऊन गेला होता. बादल्या तेवढ्या घरी आल्या.”

म्हाताऱ्याचा हात कानाकडे गेला. मशीन उपटायला निघालेली ती बोटं बाईंनी अलगद धरली.

“असू द्या, आजोबा. पहिले काही दिवस सगळंच फार मोठं ऐकू येतं.”