आनंदरावांच्या मापाचा स्वेटर

दुर्ग स्टेशनात नागपूरकडची गाडी उभी होती आणि नरहरीच्या अंगात आनंदरावांचा स्वेटर होता.

आनंदराव जागीच थबकले. ते आणि सत्यशीला आले होते वेराबाईला निरोप द्यायला. पोलाद कारखान्यातल्या रशियन इंजिनियरची ही बायको वर्षभर कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या त्यांच्या ओसरीवर बसून आनंदराव मास्तरांकडून मराठी शिकली. मॉस्कोत मराठी शिकवायला माणूस हवा होता, तर तिनं त्यांचंच नाव सुचवलं. पुढची बोलणी नरहरीमार्फत. तो रशियन साहेबांचा दुभाषी आणि घरचाच माणूस. नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा आनंदरावांच्या मांडीला मांडी लावून बसलेला. त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही, तर कोणावर?

थंडी पडता पडता त्यानंच येऊन सांगितलं होतं, "जागाच रद्द झाली, आनंदा." मॉस्कोसाठी सत्यशीलेनं विणलेला स्वेटर खुंटीला होता. जाताना तोही मागून नेला. कामानं दिल्लीला जायचंय, म्हणाला होता. आणि आज तो वेराबाईच्या डब्यापाशी उभा होता.

"गुरुजी!" वेराबाई लगबगीनं आली. सत्यशीलेच्या हातातली भाकरी-चटणीची शिदोरी तिनं छातीशी धरली आणि ओसरीवर शिकलेल्या बोलीत भांडायलाच लागली. "तुमी कावून नाई म्हनलं? मी तुमचं नाव देल्लं होतं. आता नरहरीभाऊ येऊन राहिले मॉस्कोले. मले तुमी पायजे होते."

आनंदरावांनी वळून पाहिलं. नरहरी हमालाशी हुज्जत घालत होता. सामान कधीच डब्यात चढलं होतं, तरी.

"मी नाई म्हनलोच नाई, बाई," आनंदराव म्हणाले. "जागा रद्द झाली, असं मले यानं सांगतलं."

बाईचं हसू मावळलं. ती नरहरीकडे वळली. नरहरी पुढे झाला, आनंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रशियनमध्ये भराभर काहीतरी बोलला. ऐकता ऐकता बाईचे डोळे भरून आले.

"समजलं, गुरुजी. समजलं." त्यांचा हात दाबून ती डब्यात चढली.

"काय सांगतलं तू तिले?"

"म्हनलं का तुले जायचं नाई, पन वैनीसमोर कबूल करता येत नाई." नरहरीचा आवाज खाली आला. "तू मास्तर हायेस, आनंदा. तू कुठंबी शिकवशील. मले हा एकच चानस होता, गड्या."

एक मुस्काटात ठेवून द्यावी, असं आनंदरावांना वाटलं. पण हात उचलेना, उलट रडू यायला लागलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. इथं आपल्याच माणसानं केसानं गळा कापला होता.

शिटी झाली. सत्यशीला पुढे आली. स्वेटरच्या बाह्या नरहरीच्या बोटांवर आल्या होत्या. तिनं एक बाही मनगटापाशी दुमडून दिली. हात काढला तशी ती पुन्हा खाली घसरली.

"लांब होऊन राहिल्या, भाऊजी," ती म्हणाली. "तिकडं कोनी विचारलं, तं कोनाच्या मापाचा हाय ते सांगजा."

नरहरी डब्यात चढला. गाडी हलली, तसा त्यानं दारातून हात वर केला.

"जय भीम, आनंदा!"

बोटं दिसतच नव्हती. नुसती बाही हलत होती.

कोणाचाही 'जय भीम' आनंदरावांनी कधी रिकामा जाऊ दिला नव्हता. त्यांचा हात सवयीनं वर निघाला. सत्यशीलेनं तो धरून ठेवला.