हळदीचा सौदा

बाबांच्या आवाजाआधी फोनमधून हॉस्पिटलचा गलका ऐकू आला.

"वाचलंस का पत्र?"

स्वरूपाने पाच आठवड्यांच्या बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. टोकियोत, फुनाबोरीतल्या त्या दोन खोल्यांत हीटरसमोर लंगोट वाळत होते. टेबलावर पत्राची प्रत होती, शेजारी बाबांनी वीस वर्षं जमवलेल्या सांकेतिक शब्दांची वही. सत्तावनच्या उठावातले दोन मित्र-सरदार एकमेकांना मोडीत लिहीत, पण व्यापाऱ्यांच्या भाषेत. हळद म्हणजे घोडेस्वार, गूळ म्हणजे दारूगोळा. एक किल्ल्यात वेढला गेलेला, दुसरा नदीपलीकडे. दुसरा मदतीला निघाला होता, वाटेत अडकला, असं बाबांचं म्हणणं. शेवटचं हे पत्र तेवढं लागायचं राहिलं होतं.

"मोडी वाचायला टोकियोला पत्र धाडावं लागतं," बाबा म्हणाले. "पुण्यातले शहाणे संपले! शुक्रवारी हे लोक माझी छाती उघडणार. त्याआधी सांग बाई काय ते."

शुक्रवारी लेक इथे असणार, हे त्यांनी एकूण एक नर्सला सांगून ठेवलं होतं. आणि बाळाचा पासपोर्ट अजून आला नव्हता. तिच्या नवऱ्याने, सारंगने सकाळी एम्बसीत पुन्हा फोन केला, तर म्हणे आणखी आठ दिवस तरी. अंगावर पिणारं बाळ, त्याला सोडून जायचं तरी कसं? चार दिवस ती हे बाबांना सांगायचं टाळत होती.

"लागलं पत्र, बाबा. 'हळदीचा सौदा मोडला. गाड्या निघणार नाहीत.'"

"म्हणजे निघालाच नाही तो."

"नाही."

"वीस वर्षं मी त्याची वकिली केली." ते हसायला गेले आणि खोकले. "कारण काय देतो लेकाचा?"

पुढे नुसती तिथी होती. खाली कागद कोरा.

"पोर लहान आहे म्हणून," स्वरूपा म्हणाली.

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. चाकांचा आवाज लांब गेला.

"मग बरोबर आहे त्याचं," बाबा म्हणाले. "किल्ल्यातल्यानं वाट बघू नये. आपलं आपण लढावं."