एकोणचाळीस ओळी

इस्पितळाच्या संगणक विभागातल्या ताईंनी पीएचपी या संगणकाच्या भाषेत बांधलेल्या 'पेशंट' क्लासमध्ये, म्हणजे पेशंटची माहिती सांभाळणाऱ्या कोडच्या तुकड्यात, चाळीस प्रॉपर्टी, माहितीचे रकानेच म्हणा, अशा होत्या, की कोडमध्ये शोधून सापडत नसत. नेमक्या नावाने हाक मारली की मात्र ओ देत. त्यांची नावं एकट्या ताईंना पाठ होती. निवृत्तीला महिना उरला, तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, क्लासच्या डोक्यावर, कोड सुरू होण्याआधी, सगळ्या नावांची नोंद करून ठेवा. तुमच्यामागे आमचं अडायला नको."

ते वाक्य ताईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी एकोणचाळीस ओळी नेटक्या लिहिल्या आणि पेशंटच्या नातेवाइकाच्या फोन नंबरची ओळ मुद्दाम गाळली. अडलं की झक मारत फोन करतील.

पुढे निवृत्त होऊन घरी बसल्यावर मन खायचं. कुणाच्या माणसाला वेळेवर कळलं नाही तर? तरीही त्यांनी स्वतःहून फोन केला नाही. वाट मात्र पाहिली. आंघोळीला जातानासुद्धा मोबाईल बरोबर असायचा.

चौथ्या महिन्यात ऑफिसचा नंबर दिसला. ताईंनी घसा साफ केला. "बोला साहेब, कुठे अडलं?"



"अडलं काहीच नाही, ताई. नवीन सिस्टीम आली, तुमचा क्लास काढूनच टाकला. तुमच्या ड्रॉवरची चावी तेवढी पाठवून द्याल का?"