पायलचं लेकरू

जीप समाजमंदिराजवळ थांबली आणि पायलच्या हातातली वाटी हिंदकळली. थोडं दूध सारवलेल्या जमिनीवर सांडलं.

"आल्या वाट्टे," तुळसाबाई दारातून लेकीला म्हणाली. "भिऊ नको. धड बोल. चुकलीस तं लेकरू यवतमाळले नेतीन, संस्थेत."

भाव पडल्यामुळे न विकलेला कापूस खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. उरलेल्या जागेत मॅडम खाटेवर टेकल्या. कुमारी मातांना सरकारी मदत मिळवून द्यायला त्या मारेगावकडची गावं फिरत होत्या. इथं एक तान्हं आहे, बाप माहीत नाही, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं.

"तू पायल? वय?"

"बावीस."

"बाळंतपण कुठं झालं?"

"घरीच. मायनंच केलं."

"बापाचं नाव?"

पायलनं मांडीवरच्या लेकराचं दुपटं सारखं केलं. "नाही सांगता येत."

"कोणी धमकावलं का?"

लेकरू रडायला लागलं. तिनं कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या ओठांना लावली. मॅडमनी ते पाहिलं.

"अंगावर नाही पाजत?"

"दूध आलंच नाही तिले," तुळसाबाई घाईनं मध्ये पडली. "खायले काय भेटते मॅडम? कापूस खावा का?"

मॅडम हसल्या नाहीत. "पायल, कुमारी माता म्हणून नाव लागलं की पंचक्रोशीत बोभाटा होईल. एकटीला झेपेल? त्यापेक्षा संस्थेत दे. तिथं दूध आहे, डॉक्टर आहेत."

पायलनं लेकराला इतकं घट्ट धरलं की ते पुन्हा रडलं. "होऊ द्या बोभाटा. माह्याजवळच राहीन हे."

मॅडमनी वहीत तिचं नाव लिहिलं. मग उठल्या. "बरं. राहू दे. मदत सुरू करते."

जीपची धूळ बसेपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"बाभुळगावचे पाहुणे येऊन राह्यले तुले पाह्यले," तुळसाबाई म्हणाली. "त्याइले काय सांगू आता?"

"येऊ नका म्हना."

"येडी झाली का वं?"

पायल लेकराला थोपटत राहिली. गेल्या महिन्यात, वेचणीच्या शेवटच्या दिवशी, कापूस वेचायला आलेल्या परगावच्या बायांनी शेतातल्या निंबाला बांधलेले आपापले झोके सोडले, लेकरं काखेत घेतली आणि त्या टेम्पोत बसून निघून गेल्या. सांजेला पायल बकरी आणायला गेली, तेव्हा एक झोका अजून झाडालाच होता, आणि आतून रडणं ऐकू येत होतं.